पीएस५, एक्सबॉक्स की स्विच २? पैज लावण्याआधी कपाट बघा

टीव्ही गेम खेळायच्या मशीनांवरून, म्हणजे कन्सोलवरून, चार मित्रांत पैज लागली आहे. एक म्हणतो सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) जिंकणार. दुसरा म्हणतो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सची ताकद जास्त, शेवटी तोच वर येणार. तिसऱ्याच्या मते निन्टेन्डोचा स्विच २ दोघांनाही गिळेल. चौथे तुम्ही. तुम्हाला यातला एक विकत घ्यायचाय, आणि पन्नासेक हजार मोजून हरलेलं मशीन घरात आणायचं नाही.

उत्तर आधीच देऊन टाकतो. पीएस५ आणि एक्सबॉक्सची लढत संपलेली आहे, पीएस५ जिंकलाय. स्विच २ दुसऱ्याच आखाड्यात उतरलाय आणि तिथे त्याच्या अंगाला माती लावणारा सध्या कोणी नाही. घाई असेल तर इथेच थांबा. पण असं का झालं हे कळलं नाही तर पुढच्या वेळची पैजही चुकेल, म्हणून जरा लांबण लावतो.

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास जुने कन्सोल घेणं, विकणं आणि दुरुस्त करणं हा माझा वीसेक वर्षांचा धंदा. नवा कन्सोल आला की गिऱ्हाईक दुकानात शिरताना टेराफ्लॉप्सबद्दल, म्हणजे मशीनच्या गणिती वेगाबद्दल, बोलत शिरतं. पाकीट काढायची वेळ आली की मात्र प्रश्न ठरलेले असतात. ‘माझ्या जुन्या डिस्क यात चालतील ना?’ आणि लगेच दुसरा, ‘मावसभावाकडे तो दुसरा आहे, त्याच्याशी खेळता येईल ना?’ मशीनची ताकद या दोन्ही प्रश्नांत कुठेच येत नाही. माणसाच्या कपाटात कोणते गेम आहेत आणि त्याच्या भावाच्या कपाटात कोणते आहेत, यावर सौदा होतो. गेल्या तीस वर्षांत जो कन्सोल लोकांचं कपाट आधी अडवून बसला, तो जिंकत आलाय.

सुरुवात १९९५ पासून करू. ११ मे, लॉस एंजेलिस, ई-थ्री नावाचं गेमचं प्रदर्शन पहिल्यांदाच भरलेलं. सेगा या जपानी कंपनीचा सॅटर्न हा कन्सोल अमेरिकेत सप्टेंबरात यायचा होता. सेगाच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्की यांनी व्यासपीठावरून सांगून टाकलं की तो आजच दुकानांत पोचलाय, किंमत ३९९ डॉलर. सगळ्यांना वाटलं, काय डाव टाकलाय! त्याच दिवशी सोनीच्या कार्यक्रमात स्टीव्ह रेस भाषणाला म्हणून उठले, माइकपाशी गेले, ‘टू नाइन्टी नाइन’ एवढंच म्हणाले आणि परत जाऊन बसले. प्लेस्टेशन १०० डॉलरने स्वस्त होता.

ही गोष्ट सगळे सांगतात, आणि किंमत पाडली म्हणून सोनी जिंकली असं तात्पर्य काढतात. मी दुकानदार आहे, मला त्यात वेगळंच दिसतं. सेगाने माल दिला तो मोजक्या चार साखळी दुकानांना. बाकीच्यांना कळलं तेव्हा शेजाऱ्याच्या फळीवर सॅटर्न लागलेला होता. केबी टॉइज ही खेळण्यांची मोठी साखळी एवढी चिडली की तिने सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. गेम बनवणारे सप्टेंबरच्या हिशेबाने काम करत होते, त्यामुळे मशीन घरी आलं तरी त्यात घालायला फारसं काही नव्हतं. त्यात सॅटर्नच्या पोटात दोन-दोन प्रोसेसर. कागदावर भारी, पण दोन्हीकडून काम करून घेणारा प्रोग्रामर मिळणं मुश्कील. प्लेस्टेशनवर त्रिमितीय गेम बनवणं त्या मानाने सोपं होतं. जिथे बनवणं सोपं तिथे गेम जास्त, आणि जिथे गेम जास्त तिथे कपाट लवकर भरतं. सॅटर्न जगभरात जेमतेम ९३ लाखांच्या घरात विकला गेला. पहिला प्लेस्टेशन १० कोटी २४ लाख.

निन्टेन्डो त्याच लढतीत कॅसेटला चिकटून राहिली. आमच्या पिढीला कॅसेट म्हटलं की वेगळं सांगायला नको. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जे मिळायचं ती निन्टेन्डोच्या जुन्या मशीनची चिनी नक्कल असायची. तिच्यात पिवळी किंवा काळी कॅसेट खोचायची, चित्र फाटलं की काढून फुंकर मारायची, शर्टाला पुसायची, पुन्हा खोचायची. (फुंकरीने काही होत नसे. काढून घातल्यामुळे पिना नीट बसायच्या, एवढंच. उलट तोंडातल्या वाफेने पिना गंजायच्या. हे मला पुढे दुकानात कळलं, तोवर बऱ्याच फुंकरी मारून झाल्या होत्या.) त्या लढतीतल्या तिच्या निन्टेन्डो ६४ च्या कॅसेटमध्ये जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट मावायचे, सीडीत ६५०. शिवाय कॅसेट बनवायला महाग, आणि तिची ऑर्डर कितीतरी आधी द्यावी लागे. सीडी दोन-चार दिवसांत छापून येई. स्क्वेअर कंपनी वर्षानुवर्षं निन्टेन्डोसाठी गेम करत होती, ती उठून सोनीकडे गेली. १९९७ साली तिचा ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर आला. तीन सीडींचा तो गेम कॅसेटवर बसवायचा तर फडताळभर कॅसेट लागल्या असत्या.

सेगाच्या पुढच्या मशीनचं, ड्रीमकास्टचं, थोडक्यात सांगतो, कारण त्याची आठवण आली की अजून वाईट वाटतं. १९९८ साली जपानमध्ये आलेलं सुंदर मशीन, इंटरनेटसाठी मोडेम आतच बसवलेला. पण सेगावरचा दुकानदारांचा आणि गिऱ्हाइकांचा विश्वास सॅटर्नने घालवलेला, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम केला नाही, आणि समोर सोनीने पीएस२ येतोय, येतोय म्हणून डांगोरा पिटलेला. लोक थांबले. २००१ च्या मार्चमध्ये सेगाने उत्पादन थांबवलं आणि ती कन्सोलच्या धंद्यातूनच बाहेर पडली.

पीएस२ वर मी तासभर बोलू शकतो. १६ कोटींच्या वर खप. त्यात डीव्हीडी प्लेअर होता, त्यामुळे ‘पिक्चर पण बघता येतात’ असं सांगून पोरांनी आईबापांना पटवलं. पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी त्यात चालायच्या, म्हणजे जुनं कपाट जसंच्या तसं पुढे आलं. आपल्याकडे तो घराघरांत पोचला त्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही: चिप. त्या काळात या गल्लीत चिप न टाकलेला पीएस२ शोधून काढावा लागे. मदरबोर्डावर केसासारख्या बारीक पंधरा-वीस तारा डाग देऊन जोडायच्या. एक जरी बाजूच्या पायाला चिकटली तर मशीन उठायचं नाही. मी हे काम केलंय. अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण खोटं कशाला बोलू? चिप टाकली की नकली डीव्हीडी चालायची, आणि ती वडापाव-चहाच्या हिशेबात मिळायची. कुस्तीचा स्मॅकडाउन, क्रिकेट, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियाज. हॉस्टेलच्या एकेका खोलीत पन्नास-पन्नास डिस्कचा गठ्ठा असायचा, खिळ्यावर ओवल्यासारखा. या कपाटापुढे पुढचं मशीन कितीही भारी असलं तरी काय करणार? पीएस३ भारतात येऊन दोन वर्षं झाली तरी, २००९ साली, सोनी पीएस२ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ असे इथे बनवलेले गेम काढत होती. गिऱ्हाईक अजून तिथेच होतं.

आणि मग सोनीला माज चढला. २००६ साली पीएस३ ची अमेरिकेतली किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. लोकांनी जास्त तास काम करावं पण हा घ्यावा, अशा अर्थाचं प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी बोलून गेले होते. आपल्याकडे तो २००७ च्या एप्रिलमध्ये ३९,९९० रुपयांना आला. एक्सबॉक्स ३६० त्याच्या सात महिने आधी २३,९९० ला मिळत होता. पीएस३ चा सेल प्रोसेसर म्हणजे सॅटर्नची चूक पुन्हा, आणखी मोठ्या आकारात. कागदावर अफाट, बनवणाऱ्याच्या डोक्याला ताप. या दोघांची हाणामारी चालली असताना निन्टेन्डोचा वी २४९ डॉलरला आला, ताकदीत दोघांच्या पासंगालाही न पुरणारा, आणि १० कोटी १६ लाख विकला गेला. पीएस३ आणि ३६० दोघेही साडेआठ कोटींच्या आगेमागे थांबले.

त्याच लढतीतली एक गोष्ट दुरुस्तीवाल्याला झोंबते. एक्सबॉक्स ३६० ची लाल रिंग हा जाहीर मामला होता. तापून-थंडावून चिपखालचे जोड तडकायचे आणि समोरचे तीन लाल दिवे लागायचे. २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने स्वतःच वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. एवढं होऊनही लोक दुरुस्त करून घेत आणि पुन्हा त्याच्यावरच खेळत, कारण गेम त्याच्याकडे होते आणि मित्र त्याच्या ऑनलाइनवर होते. टिकाऊपणावर लढत जिंकली जात असती तर माझं मत लोकांनी फार आधी विचारलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं मूळ: जून २०१३. आजची पीएस५-एक्सबॉक्स लढत माझ्या मते त्याच महिन्यात निकालात निघाली, पीएस५ यायच्या सात वर्षं आधी. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची किंमत जाहीर केली ती ४९९ डॉलर, हालचाल ओळखणारा कायनेक्ट कॅमेरा सक्तीचा. वर नियम असा की मशीनने दर २४ तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि डिस्क मित्राला द्यायची किंवा विकायची तर कंपनीच्या अटींवर. नेट नसेल त्यांनी काय करायचं, असं विचारल्यावर एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी सांगितलं की त्यांच्यासाठी एक्सबॉक्स ३६० आहे की. सोनीने किंमत सांगितली ३९९, आणि वीस-बावीस सेकंदांचा एक व्हिडिओ टाकला. ‘आमच्या मशीनवर गेम मित्राला कसा द्यायचा’ असा त्याचा विषय. एक माणूस डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा थँक्स म्हणतो, संपलं.

मायक्रोसॉफ्टने दोन आठवड्यांच्या आतच नियम मागे घेतले, पण बोललेलं गेलं होतं. आपल्याकडे २०१३ साली रोज हजेरी लावण्याइतकं भरवशाचं नेट किती घरांत होतं ते आठवून बघा. शिवाय जुन्या डिस्कची घेवाणदेवाण हाच इथल्या पोरांचा गेम खेळायचा मार्ग. तीन-चार हजारांचा नवा गेम घ्यायचा, महिनाभरात संपवायचा, आहे त्या भावात विकायचा, त्यात थोडे घालून दुसरा घ्यायचा. एक डिस्क सहा-सहा हातांतून फिरून माझ्याकडे परत आलेली मी पाहिली आहे, कव्हरवरच्या पेनच्या रेघेवरून ओळखली. पीएस४ इथे २०१४ च्या जानेवारीत आला, एक्सबॉक्स वन सप्टेंबरात. त्या आठ-नऊ महिन्यांत डिस्कचं हे चक्र सगळं निळ्या डब्यांचं, म्हणजे पीएस४ च्या गेमचं झालं. हिरव्या डब्याचा, म्हणजे एक्सबॉक्सचा गेम काउंटरवर आला तर त्याला पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत धूळ बसायची. पीएस४ जगात ११ कोटी ७० लाखांच्या वर गेला. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून आपले आकडे सांगणंच बंद केलं.

त्या पिढीत आणखी एक गोष्ट झाली. लोक डिस्कऐवजी डाउनलोड विकत घ्यायला लागले. डिस्क विकून पलीकडे जाता येतं, डाउनलोड केलेला गेम खात्याला कायमचा चिकटलेला. २०२३ साली एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर स्वतःच कबूल झाले की हरायला सगळ्यात वाईट अशी जी पिढी होती तीच आपण हरलो, कारण सगळ्यांची डिजिटल लायब्ररी तेव्हाच उभी राहिली. मी कपाट म्हणतो ते हेच, फक्त त्याला आता कुलूप बसलंय.

तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं चूक नाही, सिरीज एक्स ताकदवान आहेच. १२ टेराफ्लॉप्स विरुद्ध पीएस५ चे १०.२८. पण दोघांच्या पोटात एकाच कंपनीच्या, एएमडीच्या, एकाच घराण्यातल्या चिप आहेत. घरच्या टीव्हीवर, सोफ्यावर बसून फरक ओळखून दाखवणाऱ्याला मी माझ्या दुकानात चहा पाजेन. २०२५ च्या सप्टेंबरअखेर पीएस५ ८ कोटी ४० लाखांवर पोचला होता. आणि मायक्रोसॉफ्टने लढतच बदलली. ६,८७० कोटी डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी घेतली, आणि आता स्वतःचे गेम समोरच्याच्या मशीनवर विकते आहे. फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स ऑफ वॉर पीएस५ वर आले. २०२५ च्या ऑक्टोबरात तर हेलो या गेमची नवी आवृत्तीही पीएस५ वर आणणार असं तिने जाहीर केलं. हेलो म्हणजे एक्सबॉक्सचं कुलदैवत. ते शेजारच्या देव्हाऱ्यात बसवल्यावर मशीनची लढत कुठे राहिली? कंपनी म्हणून ती पैसा करेल, तो भाग वेगळा.

तिसऱ्या मित्राचा स्विच २. पहिल्या स्विचने १५ कोटींचा टप्पा ओलांडलाय. दुसरा २०२५ च्या ५ जूनला आला, चार दिवसांत ३५ लाख आणि सप्टेंबरअखेर १ कोटीच्या वर गेला. पहिल्याची बहुतेक गेम-कार्डं यात चालतात, म्हणजे कपाट शाबूत. निन्टेन्डोचे मारियो, झेल्डा, पोकेमॉन दुसऱ्या कुणाच्या मशीनवर मिळत नाहीत, म्हणून पीएस५ वालाही वर स्विच घेतो. ‘याऐवजी ते’ म्हणून स्विच घेणारं गिऱ्हाईक मला क्वचित दिसलंय. अर्थात निन्टेन्डोलाही कपाट सोडता येतं. वीनंतर आलेला वी यू हा वीचाच जोड-डबा आहे की नवं मशीन, हेच लोकांना कळलं नाही आणि तो १ कोटी ३५ लाखांवर अडला.

पण पुण्यात बसून स्विच घेताना एक अडचण आहे. निन्टेन्डो सध्या भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. जे येतं ते बाहेरून, दुबई-सिंगापूरहून, आणि त्याची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. रिमोटची स्टिक वाकडी चालायला लागली तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर शोधू नका, नाही मिळणार. आमच्यासारख्याकडे यावं लागेल. सोनीचंही सगळं इथे वेळेवर येतं असं नाही. पीएस५ प्रो २०२४ साली जगभर आला तेव्हा भारतात आला नाही, कारण त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा आपल्याकडे खुला नव्हता.

मग घ्यायचा काय? मित्रमंडळींत पीएस५ जास्त असतील तर पीएस५, आणि डिस्क ड्राइव्ह असलेलाच. बिनड्राइव्हचा स्वस्त पडतो खरा, पण तो फरक दोन-तीन गेममध्येच वसूल होतो, कारण डिस्क विकता येते. पीएस५ ची जी बारीक आवृत्ती आहे, स्लिम, तिला ड्राइव्ह नंतरही बसवता येतो, पण पहिल्यांदा जोडताना नेट लागतं, हे ध्यानात ठेवा. स्विच २ घेतलात तर गेम घेताना डबा नीट वाचा. काही कार्डांत गेम नसतोच, फक्त चावी असते आणि गेम डाउनलोड करावा लागतो. कार्ड विकता येतं, पण आत काही नाही. स्वस्तात जुना सिरीज एक्स मिळत असेल आणि तुम्ही एकटेच खेळणार असाल तर तोही वाईट नाही. माझ्या स्वतःच्या घरी आहे.

जुना घेणार असाल तर कुठलाही असो, विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून बघा. पहिली दहा मिनिटं सगळे चांगले चालतात. मागच्या जाळीला हात लावून गरम हवा जोरात बाहेर येते का बघा. येत नसेल तर आत धुळीची गादी झालेली असते. रिमोट टेबलावर ठेवून द्या आणि पडद्यावरचं माणूस आपोआप सरकतं का पाहा. आणि विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा.

पैजेचं म्हणाल तर आधी काय मोजायचं ते ठरवा. टीव्हीखाली बसणाऱ्या मशीनचा खप मोजणार असाल तर पहिला मित्र जिंकला. दहा वर्षांनी एकूण आकडा मोजणार असाल तर तिसऱ्याचे पैसे अजून बुडालेले नाहीत. एक्सबॉक्सवाल्याकडून पार्टी वसूल करा, पण हेलो पीएस५ वर आला की पहिल्या दिवशी रिमोट त्याच्याच हातात द्या.